थकवा वेगळा, सही वेगळी

पत्र थोडक्यात: पत्रलेखक 39 वर्षांचे आहेत. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात काम करतात. माल वेळेत बाहेर पडावा म्हणून गेलं वर्षभर न तपासलेल्या लॉटच्या अहवालांवरही त्यांची सही घेतली जाते. "सगळेच करतात, तू सही करून टाक," असं वरिष्ठ सांगतात. घरी आई अंथरुणाला खिळलेली, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. दोन मुलं, घराचे हप्ते. पूर्वी पहाटे पाचला उठून प्रार्थना करायचे, आता गुडघे टेकले की डोळा लागतो. सकाळी फोनवर येणारं वचन न वाचताच बाजूला सारलं जातं. रविवारी ते उपासनेला जातात, संडे स्कूलमध्ये शिकवतात आणि शिकवताना त्यांना स्वतःची लाज वाटते. चर्चच्या मंडळीतला एक मित्र म्हणाला, "तुझा विश्वास कमी पडतोय." पत्नीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्यांचे प्रश्न दोन: देव माझ्यापासून दूर गेला आहे का? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ देवाच्या सेवेत गेलो तर हे सगळं सुटेल का?

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून एक आगाऊपणा केला. पेन्सिल घेऊन बसले आणि मोजलं. प्रार्थनेत झोप लागते याबद्दल तुम्ही पाच ठिकाणी स्वतःला दोष दिला आहे: आळशी, कोमट, ढोंगी, पुन्हा कोमट, पुन्हा ढोंगी. सहीचा विषय मात्र तीन ओळींत आटोपला आहे, आणि तिथे शब्द वापरलाय 'नाइलाज'.

माझ्या मते सगळा गुंता इथे आहे. दोन वेगळ्या गोष्टींची तुम्ही एकच मोळी बांधली आहे आणि त्यात औषधांची अदलाबदल झाली आहे. थकव्याबद्दल तुम्ही पश्चात्ताप करताय. खोट्या सहीवर मात्र 'जरा शांत जागी गेलो, सेवेत पडलो की बरं वाटेल' असा विश्रांतीचा उपाय शोधताय. थकलेल्या माणसाला झोप लागते, त्याबद्दल क्षमा मागून झोप भरून निघत नाही. आणि खोटी सही कितीही शांत जागी जाऊन बसलात तरी कागदावर तशीच राहते.

आधी थकव्याचं बोलू, कारण ते सोपं आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही मुलांना शिकवली असेल. कार्मेल डोंगरावरचा मोठा विजय, आकाशातून पडलेला अग्नी, हे आपण रंगवून सांगतो. पुढचा अध्याय (1 राजे 19) मुलांना सहसा सांगत नाही. त्यात हाच एलीया जिवाच्या भीतीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो, 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो आणि झोपी जातो. देव त्याला काय म्हणतो? काहीच नाही. देवदूत येतो, त्याला हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि कारणही देतो: वाट तुला झेपणारी नाही. 'एलीया, तू इथं काय करतोस?' हा प्रश्न येतो तो त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. झोप, भाकर, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, आणि मग प्रश्न. मंडळीत आपण नेमका हा क्रम उलटा करतो. दमलेला माणूस दारात आला की आधी त्याच्या विश्वासाची चौकशी.

गेथशेमाने बागेत शिष्य झोपले, हे तीन शुभवर्तमानांत आहे. पण ते दुःखानं झोपले होते, हे फक्त लूक लिहितो (22:45). परंपरेनुसार लूक वैद्य होता, तेव्हा ही वैद्याची नजर म्हणायची. मनावर भार असलेल्या माणसाला झोप ग्लानीसारखी येते हे त्याला ठाऊक होतं. लिझ्यूची संत तेरेज (1873–1897) मठात राहूनही प्रार्थनेच्या वेळी डुलक्या घ्यायची. तिचं म्हणणं असं, की लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना ते तितकंच लाडकं असतं. दिवसभर काम आणि रात्री आईची सेवा करून तुम्ही गुडघ्यांवर बसल्या-बसल्या झोपत असाल, तर त्याला कोमटपणा म्हणू नका. ती झोप आहे. 127 व्या स्तोत्रात तर झोप ही देवानं आपल्या प्रियजनांना दिलेली देणगी आहे.

तुमच्या मित्राबद्दल एवढंच सांगते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढे सात दिवस त्यांचं काहीही चुकलं नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. झोप मिळूनही थकवा जात नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, आपण नसतो तर बरं झालं असतं असे विचार येत असतील, तर आधी डॉक्टरकडे जा. शेवटचा विचार एकदा जरी आला तरी वाट पाहू नका. नैराश्याला उपचार आहेत, आणि गोळी घेतल्यानं कुणाचा विश्वास कमी ठरत नाही. हे मी प्रत्येक वाचकासाठी लिहिते आहे, कारण ख्रिस्ती घरांत ही गोष्ट फार उशिरा बोलली जाते.

आता देव दूर गेला आहे का? तुम्ही देवाची जवळीक मोजताय ती जाणिवेवरून, पहाटे पाचच्या त्या जुन्या उबेवरून. 88 वं स्तोत्र काढून वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला होता, कारण जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती असं त्यांत दिसलं. ती सगळी वर्षं त्या रोज उठून कामाला जात होत्या. ऊब नाही म्हणजे देव नाही, हे गणित तुम्ही कुठून आणलंत ते शोधा. माझ्या मते ते शास्त्रातलं नाही.

इथवर तुमची बाजू घेतली. आता सहीकडे वळते, आणि इथे मी तितकी मवाळ नाही.

'देवाचं काम करावंसं वाटतं' असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, देवाचं काम तुमच्या टेबलावर आहे आणि तुम्ही ते न तपासता पुढे पाठवताय. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (22:8) एक नियम आहे, त्यावर उपदेश क्वचितच ऐकायला मिळतो. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा बांध, नाहीतर कुणी पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. सगळा नियम एका कठड्याबद्दल आहे. कोण पडणार, कधी पडणार, कदाचित कुणीच पडणार नाही. तरी बांधायचा. तुमची सही हा कठडा आहे. तो भाग ज्या यंत्रात बसेल त्या यंत्राशेजारी उभा राहणारा माणूस तुम्हाला कधी भेटणार नाही, पण तो त्या सहीवर विसंबून उभा आहे. संडे स्कूलमध्ये दिलेल्या शंभर धड्यांपेक्षा ही सही देवाला कमी महत्त्वाची आहे, असं मला वाटत नाही.

सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या 31 व्या प्रकरणात मठाच्या भांडाऱ्याला सांगितलं आहे की मठातली सगळी भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समज. झाडू, फावडं, पातेलं, सगळं. हा नियम रोजच्या कामात माणसाला किती अडचणीत आणतो ते बघा! एका दिवसासाठी तुमचा मोजमापाचा व्हर्नियर वेदीवरचा प्याला आहे असं समजा आणि मग तो न उचलताच आकडे भरून पाहा. जमणार नाही.

पूर्णवेळ सेवेचा विचार मनात का येतो, याबद्दल मला एक शंका आहे. ती चुकीची असेल तर माफ करा. चौथ्या शतकात इव्हाग्रिअस नावाचा संन्यासी इजिप्तच्या वाळवंटात राहत होता. तिथल्या एकांतवासी साधूंना दुपारच्या वेळी जी मरगळ घेरते तिचं त्यानं बारीक वर्णन केलं आहे. दिवस पन्नास तासांचा वाटतो. माणूस सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून. (खिडकीच्या जागी फोन ठेवा, वर्णनात दुसरं काही बदलावं लागत नाही.) मग त्याला ही जागा नकोशी होते, हे काम नकोसं होतं आणि वाटू लागतं की दुसरीकडे गेलो, दुसरा धंदा धरला तर देवाला प्रसन्न करणं सोपं जाईल. हे लिहिलंय ते वाळवंटात सर्वस्व सोडून बसलेल्या पूर्णवेळच्या साधूंबद्दल! त्यांनाही 'दुसरीकडे' हवं होतं. ब्रदर लॉरेन्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात भांडी खळखळत असताना देवाशी बोलणारे हे स्वयंपाकी, त्यांचा दाखला सगळे देतात. त्या शांतीआधी त्यांनी मठातच सुमारे दहा वर्षं मनाची तगमग सोसली, हे सहसा सांगितलं जात नाही.

म्हणजे पूर्णवेळ सेवेचं पाचारण खोटंच असतं असं नाही. पण पाचारण कशाकडे तरी ओढतं. तुमच्या पत्रात मला ओढ दिसली नाही, सुटका दिसली. पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता आणि उरलेल्या वेळात सुवार्ता सांगत होता. त्याच्या मनात ही दोन कामं अशी भांडत नव्हती.

मग करायचं काय? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई येऊन हेच विचारतात (लूक 3). जकातदारांचं खातं बदनाम, शिपाई परकीय सत्तेच्या छायेतले. योहान एकालाही नोकरी सोडायला सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कुणाला धमकावून पैसे उकळू नका, एवढंच. उत्तर लहान आहे, पण अमलात आणायला अवघड, कारण ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नाक्यावर जाऊन पाळायचं आहे.

तुमच्यासाठी मला दानीएल जास्त उपयोगी वाटतो. त्यानं बाबेलची नोकरी धरली, परकं नाव घेतलं, त्यांची विद्या शिकला. सगळ्यावर अडून बसला नाही. एका गोष्टीवर रेघ ओढली, राजाच्या ताटातलं अन्न. आणि तिथेही भांडला नाही. कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस आम्हाला डाळभाजी आणि पाणी देऊन बघा, मग ठरवा. त्यानं नकार दिला, पण हातात पर्याय ठेवून दिला.

तुमचा पर्याय असा असू शकेल. वरिष्ठांना एकट्यात गाठा, रागात नाही आणि डिस्पॅचच्या धांदलीतही नाही. सांगा की मी जेवढे नग तपासले तेवढ्यांवरच सही करीन, उरलेल्या लॉटवर 'तपासणी बाकी' असा शेरा लिहीन, तो पाठवायचा की नाही हे तुम्ही ठरवा आणि तुमच्या सहीनं ठरवा. सोबत हेही सांगा की कुठल्या भागांची तपासणी टाळली तर धोका मोठा आहे, त्यांना आधी वेळ द्या, त्यासाठी मी क्रम लावून देतो. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल करा. 'मी खोटं करणार नाही' अशी गर्जना करून पुढचं काही न सुचवणं मला पटत नाही, त्यात आपला अहंकार जास्त असतो. निमूटपणे सही करत राहणं तर त्याहून वाईट.

इथे कुणी नामानाचं उदाहरण देईल. तो परदेशी सेनापती कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची मला क्षमा असावी. अलीशा परवानगी देत नाही, मनाईही करत नाही. 'शांतीनं जा' म्हणतो. मला ही जागा फार आवडते. ज्यांना कामाच्या ठिकाणी मनाविरुद्ध हसावं लागतं, नको त्या समारंभात उभं राहावं लागतं, नको त्या माणसाला साहेब म्हणावं लागतं, त्या सगळ्यांनी ती वाचावी आणि प्रत्येक गोष्टीवर धर्मयुद्ध पुकारू नये. पण नामानाच्या वाकण्यानं तिसऱ्या माणसाला इजा होत नव्हती. तुमच्या सहीनं होऊ शकते. म्हणून ही सवलत तुम्हाला मी देऊ शकत नाही.

झालेल्या सह्यांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. जकातदार जक्कयानं नुसता पश्चात्ताप केला नाही, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. तुम्हाला चौपट काही करता येणार नाही. वर्षभरातल्या अहवालांची यादी मात्र काढता येईल. त्यातले कुठले लॉट अजून गोदामात आहेत, कुठले पुन्हा तपासता येतील, ते पाहा आणि वरिष्ठांसमोर ठेवा. त्यातला एखादा भाग निकामी झाल्यावर माणसाच्या जिवावर बेतेल असा असेल आणि वरिष्ठ कानावर घेत नसतील, तर गप्प बसता येणार नाही. त्यापुढचं पाऊल उचलण्याआधी कायदा जाणणाऱ्या माणसाशी बोला.

हे सगळं केल्यावर नोकरी टिकेल का? मी हमी देत नाही. अग्निकुंडापुढे उभ्या राहिलेल्या दानीएलाच्या तिघा सोबत्यांनीही देव सोडवीलच असं म्हटलं नाही. सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरीही, असं म्हणाले. हप्ते माझ्या घरचे नाहीत, तेव्हा इथे बसून शूर होणं मला स्वस्त पडतं, याची मला जाणीव आहे. म्हणून एक हिशेबी सल्ला: वरिष्ठांशी बोलण्याआधीच दुसरीकडे अर्ज करायला लागा. दारात दुसरी वाट आहे हे माहीत असलं की माणसाचा आवाज कमी थरथरतो. यात अविश्वास नाही.

आणि त्याच्याही आधी, पत्नीला सांगा. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य सहीचं नाही. 'तिला कशाला काळजी द्यायची' हे आहे. तिला काळजी आहेच, फक्त कशाची ते माहीत नाही. नोकरी जाण्याचा धोका पत्करायचा तर तो दोघांचा आहे, आणि एकट्यानं ठरवण्याचा तुम्हाला हक्क नाही. याकोब सांगतो की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा (5:16). तो व्यासपीठावरून करा असं म्हणत नाही. एक माणूस पुरतो.

संडे स्कूलचं सांगते. लाज वाटते म्हणून सोडू नका. आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला येशूनं किनाऱ्यावर आधी न्याहारी दिली आणि मग पहिलं काम दिलं ते कोकरं चारण्याचं. पण दमलात म्हणून सोडायचं असेल तर खुशाल तीन महिने सोडा, पाळकांना कारण खरं सांगा. शब्बाथाच्या आज्ञेचं अनुवादात दिलेलं कारण आठवा: तुम्ही मिसरात गुलाम होता. गुलामांना सुट्टी नसते. उपासना, वर्ग, समिती, बैठक असा तुमचा रविवार मला सुट्टीसारखा वाटत नाही. आईच्या सेवेसाठीही मंडळीला मदत मागा, आठवड्यातून एक रात्र कुणी येऊन बसेल का असं थेट विचारा. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात 'एकमेकांची ओझी वाहा' आणि 'प्रत्येकानं आपला भार वाहावा' ही दोन्ही वाक्यं तीन वचनांच्या अंतरावर आहेत. तुम्ही आजवर फक्त दुसरं वाक्य पाळत आलात.

फोनबद्दल फार लिहीत नाही. वचनाची सूचना बंद करा. जे न वाचता रोज सारायचं ते येऊच नये. दुप्पट वेगानं ऐकलेला उपदेशही नको.

राहिली प्रार्थना. पहाटे पाच सोडून द्या. ती वेळ तुमच्या त्या आयुष्यातली होती, ते आयुष्य आता नाही. बेनेडिक्टसुद्धा आपल्या नियमावलीत प्रार्थना थोडकी आणि शुद्ध असावी असं सांगतो. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की रात्रीचे दोन वाजलेत, आईला कुशीवर वळवलं, आता ती जागी आहे आणि मीही. 134 वं स्तोत्र रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी आहे. फक्त तीन वचनं. अर्धं मिनिटही लागत नाही. उद्या दोन वाजता उठाल तेव्हा मनात नको, आईला ऐकू जाईल असं वाचा. तिला पाठ असेल कदाचित.

तुमची ताई